आवाज बंद ठेवून पाहिलेले सिनेमे

वहिनी, टीव्ही लावून बसले आहे. आवाज शून्यावर. दादा कालची नाइट करून आला, आतल्या खोलीत झोपला आहे. पडद्यावर एक बाई कमरेला पदर खोचून केव्हाची हातवारे करते आहे. सिनेमा नाही हा. आपल्या मराठी मंडळाच्या नाटकाचं अकरा वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग आहे. ती बाई करते आहे ते काम तुझं होतं. तू तिथे नाहीस, आणि त्याला कारण मी आहे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना आडवळणं घेता येणार नाहीत.

तू जाऊन आज बावीस दिवस झाले. तेरावी झाली, पाहुणे गेले, सतरंज्या मंडळाला परत केल्या. रुपा, तुझी लेक, रायपूरला तिच्या नर्सिंगच्या हॉस्टेलात गेली. मी मात्र रुआबांध्याचं माझं घर नवऱ्यावर सोपवून सेक्टर दोनच्या या क्वार्टरमध्ये बसून आहे. दादाच्या जेवणाचं कोण पाहणार म्हणून थांबले, असं सगळ्यांना सांगते. तसं काही नाही. दादाला स्वयंपाक येतो, हे तुझ्या मागेच कळलं. पोळ्या माझ्यापेक्षा बऱ्या करतो. मी थांबले आहे कारण दादाने मला एक काम सांगितलं आहे आणि ते झाल्याशिवाय मला या घरातून पाय काढता येत नाही. आठ दिवस झाले, आज बसले.

या क्वार्टरमध्ये मी पहिल्यांदा आले ती बारावीला. आई-बाबा गावी, भंडाऱ्याकडे, शेतीवर. दादा पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला लागलेला, तुमच्या लग्नाला वर्ष झालेलं. मुलगी हुशार आहे, भिलाईला राहून शिकेल, असं ठरलं आणि मी पत्र्याची पेटी घेऊन आले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण. घर कसलं, दादाच्या झोपेभोवती उभारलेला मांडव होता तो. नाइटचा आठवडा आला की सकाळी आठ ते दुपारी तीन घरात श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. कुकर सहाच्या आत. नळाची धार बादलीत पडताना वाजू नये म्हणून तू बादलीत फडकं टाकून ठेवायचीस. बाहेर भाजीवाला ओरडू लागला की तू अंगणाच्या दारापर्यंत पळत जाऊन ओठांवर बोट ठेवायचीस. तो बिचारा पुढच्या लाइनीत जाऊन ओरडायचा.

त्या पहिल्याच वर्षी ती नटी गेली, जी सिनेमात कायम आईचं काम करायची. तू नटनट्यांची नावं घेत नव्हतीस. तुझी प्रत्येकाशी सोयरीक जोडलेली. ही ‘मोठीमाय’, आईची थोरली बहीण. ठरलेला खलनायक होता तो ‘भासरा’, कारण तो तुझ्या थोरल्या चुलत दिरासारखा दिसायचा म्हणे. तो पडद्यावर आला की तू डोक्यावर पदर घ्यायचीस. मी हसून लोळायचे, तू मात्र गंभीर.

मोठीमाय गेल्याचं सकाळी बातम्यांत आलं. तू उकळत्या वरणाखालचा गॅस बंद केलास. फोडणी दिली नाहीस. केस विंचरले नाहीत. अंगणातली सदाफुलीची चार फुलं आणून टीव्हीवर ठेवलीस, दिवा लावलास आणि मला सेक्टर सहाच्या मार्केटात पिटाळलंस. सायकल काढ, तिची कोणती बी सीडी आण. तीनला दादा उठला, जेवायला बसला, वरणात चमचा फिरवून पाहिला.

“फोडणी कावून नाही?”

“मोठीमाय गेली,” तू म्हणालीस.

दादा ताटावरून उठला. हात धुतले, भिंतीला टेकून उभा राहिला. तुझ्या माहेरचं कोणी गेलं असं त्याला वाटलं. निघायची तयारी करू का, कोणत्या गाडीने जायचं, असं विचारू लागला. तेव्हा तू खाली मान घालून सांगितलंस, सिनेमातली. दादाने तुझ्याकडे पाहिलं, टीव्हीवरच्या फुलांकडे पाहिलं, परत पाटावर बसला आणि ते बिनफोडणीचं वरण निमूट संपवलं. त्या दिवसापासून घरात तो नियमच झाला. कोणी नट गेला की वरणाला फोडणी नाही, आणि त्याचा एक सिनेमा पहिल्या पाटीपासून शेवटपर्यंत बसून पाहायचा. मधे उठायचं नाही. तो पहिल्यांदा पडद्यावर आला की उभं राहायचं, मग बसायचं.

आणि तो मेलेला दाखवलाय असा सिनेमा चालणार नाही. एकदा मेला तेवढं बस झालं, असं तुझं म्हणणं.

आता यातली अडचण अशी की नट मरायचे ते दादाच्या शिफ्टा पाहून मरत नव्हते. नाइटच्या आठवड्यात कोणी गेलं की टीव्हीचा आवाज बंद ठेवावा लागे. मी पहिल्यांदा म्हटलं, मुका सिनेमा कोण पाहणार, मी अभ्यासाला बसते. तू माझा हात धरून खाली बसवलंस आणि माझ्या कानाशी बोलू लागलीस. सगळ्यांचं. नायकाचं, नायिकेचं, सासूचं, पोलिसाचं, टांगेवाल्याचं. कुजबुजत, पण प्रत्येकाचा आवाज वेगळा. पडद्यावरची माणसं हिंदीत ओठ हलवत होती आणि माझ्या कानात ती आपल्या झाडीची, भंडाऱ्याकडची भाषा बोलत होती. राजवाड्यातली राणी तिच्या दासीला म्हणत होती, “काय वं, धान सडलं का नाही अजून?” मी तोंडात ओढणी कोंबून हसले. तू मला चिमटा काढलास, कारण दादाने कूस बदलली होती.

मग मला सवयच लागली. खरं सांगते, त्यातले कितीतरी सिनेमे मी पुढे आवाजासकट पाहिले आणि मला ते खोटे वाटले.

माझी सगळ्यात मोठी चूक झाली ती विनोदी कामं करणारा तो गोल चेहऱ्याचा नट गेला तेव्हा. सीडीच्या दुकानात त्या दिवशी त्याचं सगळं उचललं गेलेलं. एकच उरलं होतं, ते घेऊन आले. त्यात तो मध्यंतराच्या आधीच मरतो हे मला काय माहीत. पडद्यावर त्याला पांढऱ्या चादरीत गुंडाळून ओट्यावर ठेवलेला, भोवती बाया ऊर बडवताहेत. मी घाबरून तुझ्याकडे पाहिलं. आत दादा घोरत होता. तू त्या रडणाऱ्या बायांतल्या एकीच्या आवाजात म्हणालीस, “हळू रडा वं बायांनो, उठन थो. नाइट करून आला हाये.”

बाहेर अंगणात जाऊन हसलो आपण दोघी. बादलीतलं फडकं तोंडाला लावून.

आपला वाद मात्र शेवटपर्यंत मिटला नाही. मी कॉलेजला जायला लागले, चार पुस्तकं वाचली, तेव्हापासून तो सुरू झाला. मी म्हणायचे, ही माणसं तुला ओळखत तरी होती का? त्यांनी नाव कमावलं, पैसा कमावला, मजेत जगून गेली. तू इथे बिनफोडणीचं वरण खाऊन त्यांचं सुतक पाळतेस. याला काय अर्थ आहे?

“मी वळखतो नं त्याईले,” तू म्हणायचीस. “माह्या घरी येऊन बसले थे. मी काय त्याईच्या घरी गेली होती?”

मी तरी म्हणायचे, हा भाबडेपणा झाला. एकदा तू निवडायचे तांदूळ बाजूला सारलेस आणि हसत हसत म्हणालीस, “ग्रॅज्वेट बाई, या घरात कोणी मेल्याबिगर बाईले तीन घंटे बसाले भेटते का, सांग मले.” आणि परत ताट ओढून घेतलंस.

मी तेव्हा ते थट्टेवारी नेलं. तू गेल्यावर, या बावीस दिवसांत, तुझं काम करताना ते मला समजलं. सकाळी डबा, मग पाणी, मग धुणं, मग दादाची झोप राखायची, मग तो उठला की जेवण, मग संध्याकाळ. कोणी रागावत नाही, कोणी हात उगारत नाही. दादा वाईट माणूस नाही, हे तूही म्हणायचीस. फक्त उठून कुठे जाता येत नाही. दार उघडं असतं आणि जाता येत नाही. मेलेल्या माणसासाठी बसलेल्या बाईला मात्र उठ म्हणायची कोणाची हिंमत होत नाही. तू ती एक फट शोधून काढलीस आणि मी तुला भाबडी म्हणत राहिले.

आणि मला तर तू रोज बसवलंस. दुपारी बारा ते तीन. माझ्या बी.ए.ची तिन्ही वर्षं. मी पाणी प्यायला उठले तरी तू डोळे वटारायचीस. रुपा तेव्हा पाळण्यात, ती रडू लागली की तिला घेऊन उन्हातान्हाची अंगणात जायचीस. शेजारीण मीठ मागायला आली की दारातूनच परत. आमच्याकडे पोरगी ग्रॅज्वेट बनून राहिली, मंग या. माझा निकाल लागला तेव्हा तू दूधवाल्याला सांगितलंस, इस्त्रीवाल्याला सांगितलंस, दादाच्या फोरमनच्या बायकोला रस्त्यात थांबवून सांगितलंस. आमच्या कुळात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे, तो मी लपवणार नाही. पण त्या अभिमानाने पुढे काय केलं तेही लपवत नाही.

शाळेच्या ऑफिसात मला नोकरी लागली, लग्न होऊन मी रुआबांध्याला गेले आणि मराठी मंडळाची सभासद झाले. तिथल्या बहुतेक बाया प्लांटमधल्या ऑफिसर लोकांच्या, नाहीतर हेड क्लार्कच्या घरच्या. नागपूर-अमरावतीच्या, शिकलेल्या, पुस्तकातल्यासारखं बोलणाऱ्या. कामगार लाइनीतून आलेली मी एकटी. मी तिथे बोलणं शिकले, वागणं शिकले. दोन वर्षांत मला कमिटीवर घेतलं. मी कुठून आले हे हळूहळू कोणाच्या लक्षातही येईना. मला ते आवडत होतं.

त्या वर्षी श्रावणातल्या हळदीकुंकवाला मीच तुला घेऊन गेले होते. आठवतं ना, तिथे बायांनी आग्रह केला आणि तू भासरा आणि मोठीमाय यांचं भांडण करून दाखवलंस, दोन्ही आवाजांत. पहिल्यांदाच मोठ्याने. मी तुझा तो आवाज पूर्ण उघडलेला कधी ऐकला नव्हता. केवढा होता तो, वहिनी. हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. बाया हसून हसून रडल्या. गणपतीत मंडळाचं नाटक बसवणाऱ्या बाई उठून तुझ्याजवळ आल्या. नाटकात गावाकडून आलेली एक मावशी होती, तिच्या दर वाक्याला हशा. त्या मला म्हणाल्या, वंदना, मला मावशी सापडली, तुझ्या वहिनीला शिकवायचीसुद्धा गरज नाही, ती बोलते तशीच बोलली तरी झालं.

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण माझ्या मनात ते रुतून बसलं. ती बोलते तशी. म्हणजे माझ्या घरात बोलतात तशी. हॉलभर लोक हसतील, आणि ते मावशीला हसतील की आम्हाला?

तू तर घरी परतताना सायकलरिक्षात गप्पच होतीस. इतकी खूश होतीस की बोलता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी अंगणात कपडे वाळत घालताना मला म्हणालीस, “बाई, तुह्या दादाले तूच इचार. माह्या तोंडातून निघत नाही. तू शिकलेली, तुह्यं ऐकते थो.” मग एकेक करून सांगू लागलीस. रोज संध्याकाळी दोन घंटे, एक महिना. पोळ्या करून ठेवून जाईन. त्यांची सेकंड शिफ्ट असली तर प्रश्नच नाही. नाइट असली तर ते निघायच्या आधी परत येईन. रुपाला संगं नेईन. सगळं तू आधीच बसवून ठेवलं होतंस. दादाच्या तीन शिफ्टांमधून तू महिनाभराची वाट काढून ठेवली होतीस आणि त्या वाटेच्या तोंडाशी मला उभं केलं होतंस.

मी हो म्हटलं. आणि विचारलं नाही.

एक दिवस टाळलं, दोन दिवस टाळलं. नाटकाच्या बाई मला फोन करून विचारत होत्या. चौथ्या दिवशी मी तुझ्याकडे आले. तू कणीक मळत होतीस. मी दारातच उभी राहून म्हटलं, दादा नाही म्हणाला.

तुझे हात थांबले नाहीत. म्हणालीस, “अच्छा.” कणकेला पाण्याचा हात लावलास. मग विचारलंस, “कावून म्हने?”

कारण मी तयार केलं नव्हतं. मी म्हटलं, तुला माहीत आहे तो कसा आहे. ही पहिलीपेक्षा मोठी थाप होती. दादा कसा आहे ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, आणि ते मी एका वाक्यात पुसून टाकलं.

“बरंच झालं बापा,” तू म्हणालीस. “येवढ्या लोकाईपुढं मले कुठं जमलं असतं.” आणि मला चहा टाकलास.

मी स्वतःची समजूत घातली की तुझं हसं होण्यापासून तुला वाचवलं. ती समजूत पुष्कळ दिवस टिकली. मावशीचं काम एका क्लार्कच्या बायकोला दिलं, आपली भाषा तिने शिकून घेतली. नाटक चांगलं झालं. तू नवं लुगडं नेसून तिसऱ्या रांगेत बसली होतीस, टाळ्या वाजवत होतीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, बरी केली तिनं, पण मावशी अशी हात नाही हालवत. एवढंच.

त्यानंतरही नट मरत राहिले आणि आपण सिनेमे पाहत राहिलो. सीडी गेली, पेन ड्राइव्ह आला, मग मोबाइल. मी सुट्टीच्या दिवशी रुआबांध्याहून यायचे. तुझे आवाज तेच होते. पण तुझ्या सिनेमांतले नवरे बोलेनासे झाले. पडद्यावर नवरा बायकोसमोर उभा राहून मिनिटभर ओठ हलवायचा, हात जोडायचा, आकाशाकडे पाहायचा, आणि तू माझ्या कानात एकच सांगायचीस, “नाही म्हनते थो.” मी हसायचे. वहिनी, मी त्यालाही हसायचे.

सांगायची वेळ मला पुष्कळदा आली. प्रत्येक वेळी वाटलं, आता इतकी वर्षं झाली, आता सांगून तिला उगीच त्रास. मग तू आजारी पडलीस, ते सगळं दोन आठवड्यांत आटोपलं, आणि हॉस्पिटलमध्ये तुझ्या नाकात नळी असताना मी तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते? तू माझा हात धरून होतीस. मी तुझ्याशी हवापाण्याच्या गोष्टी केल्या.

तेरावीच्या संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर रुपा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “आत्या, मम्मीसाठी कोणती पिक्चर लावायची? मतलब, लगानी तो पड़ेगी ना. उसने सबके लिए लगाई.”

आम्ही दोघींनी मोबाइल पालथे घातले. तू कुठे नाहीसच. सगळीकडे फोटो काढणारी तूच. एका वाढदिवसाच्या व्हिडिओत तुझा अर्धा खांदा आहे आणि “केक काप वं” एवढा आवाज. लग्नाची कॅसेट बुरशीने गेलेली. मग रुपा म्हणाली, ते मंडळाचं नाटक आहे ना, त्यात मम्मी असेल. मी म्हटलं, नाही. ती मानेना. “ऐसा कैसे? तिला तर मावशीचे सारे डायलॉग याद थे. मैं छोटी थी तो किचनमध्ये करून दाखवायची मला.”

मला ते माहीत नव्हतं. तू भूमिका पाठ केली होतीस, नाही म्हटल्यानंतरही केली होतीस, आणि स्वयंपाकघरात तुझ्या आठ वर्षांच्या लेकीपुढे ती करत होतीस.

मग रुपा आतल्या खोलीकडे पाहून हळूच म्हणाली, “पापाने मना किया था ना. मम्मीनेच सांगितलं होतं. मैंने इस बात के लिए पापा को कभी माफ नहीं किया.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. जाताना दादाच्या पाया पडली, पण त्याच्याकडे न पाहता. दादा अजून रजेवर होता. दुपारी अंगणात सायकल उलटी करून चेन साफ करत बसला. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. हळदीकुंकू, मावशी, चार दिवस, कणीक. मधे थांबले नाही, थांबले असते तर राहिलं असतं.

तो फडक्याने चेन पुसतच राहिला. मग म्हणाला, “कधीचं हाये हे?”

“रुपा तिसरीत होती तेव्हाचं.”

फडकं त्याने खाली ठेवलं. “म्हणून,” तो म्हणाला, आणि उलट्या सायकलचं चाक हाताने एकदा फिरवलं. मग, “म्हणून तिनं मंग मले काहीच मागतलं नाही. लुगडं नाही, माहेरी जातो म्हणून नाही. मले वाटे, समाधानी बाई भेटली.”

मला वाटलं तो रागावेल. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मी विचारलं, तू हो म्हणाला असतास ना? खरं तर मला त्याने नाही म्हणायला हवं होतं. म्हणजे माझी थाप थोडी तरी खरी ठरली असती.

दादाने विचार केला. खोटं बोलायचं नाही म्हणून विचार करतात तसा.

“काय मालूम,” तो म्हणाला. “नाही बी म्हटलं असतं. पण माह्यं ‘नाही’ किती दिस टिकते, तिले मालूम होतं. दोन दिस तोंड फुगवलं असतं तिनं, मंग मीच सायकलवर डबल शीट नेऊन सोडलं असतं. हे ‘नाही’ तुह्यं होतं, वंदे. थे मी कसं पलटवू? मले पत्ताच नाही.”

मी म्हटलं, मला माफ कर.

“मले नोको सांगू. तिले सांग.”

“आता तिला कसं सांगू?”

“तू शिकलेली हायेस,” दादा म्हणाला. “लिही.” तो टोमणा होता की नुसतं काम सांगितलं, मला अजून कळलेलं नाही. सायकल सरळ करून तो हात धुवायला गेला.

रुपाला मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, ठीक है आत्या म्हणाली. त्यानंतर माझा फोन उचलत नाही. वडिलांना मात्र रोज करते, हे मला बाजूच्या खोलीतून ऐकू येतं. तेवढं एक बरं झालं.

हे मी मंडळाच्या अंकात देणार आहे. तिथल्या बाया वाचतील. ज्यांच्यापुढे आपली भाषा नको म्हणून मी तुला घरात बसवलं, त्यांनीच हे वाचावं. मी कमिटीवर राहते की नाही ते त्यांचं ते ठरवतील. तू मला रोज दुपारी बसवून जी विद्या दिलीस ती एवढ्यासाठीच वापरायची वेळ आली. लिहिताना अकरा वर्षांत पहिल्यांदा शब्द शोधावे लागले नाहीत.

वहिनी, तू बसली आहेस असं समजून सांगतो. आपल्या बोलीत सांगतो, दुसऱ्या बोलीत हे माह्या तोंडातून निघत नाही. दादा नाही म्हटला नव्हता वं. त्याले मी इचारलंच नव्हतं.